मोलाची साथ

माझ्या मुलीने परवा टीव्हीवर कबड्डीचा सामना बघता बघता विचारलं, "बाबा, तुम्ही कॉलेजच्या टीममध्ये होतात म्हणता, म्हणजे नेमकं काय करायचात?" मी म्हटलं, हात धरायचो. तिला वाटलं मी थट्टा करतोय. पण देवाशपथ सांगतो, माझ्या उभ्या कारकिर्दीचं सार एवढंच आहे. कबड्डीत समोरचा एक गडी दम घुमवत आपल्या अंगणात येतो आणि आपण सातजण त्याच्यासमोर कोंडाळं करून उभे राहतो. टोकाला जे असतात ते कोपरे. येणाऱ्याचा पाय जरा लांबला की कोपऱ्यातला गडी झेप घेऊन त्याचा घोटा धरतो, लोक शिट्ट्या मारतात, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. त्या कोपऱ्याच्या शेजारी, त्याचा हात धरून, एक जाडजूड प्राणी उभा असतो. घोटा धरला गेला की या प्राण्याने आपलं सगळं वजन घेऊन त्या गड्याच्या अंगावर पडायचं, म्हणजे त्याला सरपटत मधल्या रेषेपर्यंत जाता येत नाही. पुस्तकात त्याला मध्यरक्षक म्हणतात, आमच्याकडे नुसतं कव्हर. ते कव्हर मी. आताच्या पोरांच्या पाठीवर नावं असतात, पायात बूट असतात, खाली मऊ मॅट असते. आम्ही मातीत पडायचो आणि पडलो तरी कोण पडलं ते कोणी विचारायचं नाही.

आईने मात्र माझी कात्रणं जपली होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवायचे, त्यांच्या शाळेतलं हजेरीचं एक जुनं रजिस्टर तिने मागून घेतलं होतं आणि त्यात तांदळाच्या पिठाची खळ लावून ती बातम्या चिकटवायची. अलिबागच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या तरी दुपारची भांडी बाजूला ठेवून कात्री शोधायला लागायची. सगळ्या बातम्या एकाच साच्यातल्या. दिनकरच्या अफलातून पकडी, दिनकरच्या नेत्रदीपक पकडी, दिनकरच्या पोलादी पकडी, आणि शेवटच्या वाक्यात, जिथे वाचणाऱ्याचा डोळा सहसा पोचत नाही तिथे, "त्याला सुधीरची मोलाची साथ लाभली." दरवेळी मोलाची साथ. मोल किती ते कोणी कधी लिहिलं नाही. आई ते वाक्य शेजारच्या वाडीतल्या काकूंना मोठ्याने वाचून दाखवायची आणि वर म्हणायची, "आमच्या सुधाचं नाव शेवटी असतं, पण असतं." अप्पा पडवीत पेपर तपासत बसलेले असायचे, ते मान वर न करता म्हणायचे की अंग मळवून नाव शेवटीच यायचं असेल तर घरी शेण काढूनही अंग मळतं.

आमची वाडी चौलला. नारळ, सुपारी, मधूनमधून जायफळ, आणि विहिरीवर रहाट. पंप तोवर सगळीकडे आले होते, आमच्याकडेही होता, पण वीज ज्या वेळेला येई त्या वेळेला झाडांनाही झोप लागलेली असे. म्हणून अप्पांनी रहाट आणि रेडा दोन्ही ठेवले होते. रेड्याचं नाव सरदार. सकाळी सहाला रहाटाची करकर सुरू व्हायची, मग पन्हळातून पाटात पाणी पडायचा आवाज, मग आईच्या तव्यावर आंबोळीचा चर्र. या तीन आवाजांच्या क्रमाने मी उठायचो आणि तिसऱ्या आवाजाला थेट चुलीपाशी. आंबोळी नारळाच्या दुधात बुडवून मी किती खायचो ते आता सांगत नाही, वाचणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही. त्यानंतर माझी पाळी सरदारामागे. सरदार चालायचा, थांबायचा, विचार करायचा. तो विचार करायला लागला की त्याला चालवायची एक हाक होती, पोटातून काढायची: "हेप्प!" शेपटी पिळून हलायचा नाही, काठीने हलायचा नाही, पण त्या हाकेला एकदम पाऊल टाकायचा. अप्पांचा शिकवून कमावलेला आणि माझा सरदारामागे कमावलेला, असा घरात दोन माणसांचाच आवाज समुद्रापर्यंत जायचा.

हीच हाक पुढे दिन्यासाठी वापरायची वेळ येईल असं सरदाराला किंवा मला वाटलं नव्हतं. दिन्या म्हणजे तोच पेपरातला दिनकर. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला, माझ्या निम्म्या वजनाचा, बांबूच्या कामटीगत चिवट. आमच्या कॉलेजच्या संघात तो डावा कोपरा आणि मी त्याच्या उजव्या हाताला. त्याचा उजवा हात माझं डावं मनगट धरायचा. बोटात बोटं घालून पोरं उभी राहतात, ती घामाने सुटतात. दिन्याने पहिल्याच दिवशी माझं मनगट धरलं आणि म्हणाला, हितं धरलं की सुटत नाय, आमी दोर असाच धरतो. अडचण एकच होती. कोपऱ्यातला माणूस वाकलेला असतो, त्याला समोरच्याचे पाय दिसतात. छाती, खांदा, डोळे दिसतात ते शेजारच्याला. कधी उडायचं ते त्यामुळे मला आधी कळायचं. आम्ही आधी मनगट दाबून खूण करून बघितली, पण कोपर हललेलं समोरच्याला दिसायचं. 'घे, घे' म्हणून ओरडावं तर सगळं मैदानच 'घे, घे' ओरडत असतं. एकदा सरावाच्या वेळी माझ्या तोंडून चुकून सरदाराची हाक सुटली आणि दिन्या असा काही उडाला की समोरच्या पोराचा घोटा तर आलाच, चड्डीही अर्धी आली. तेव्हापासून ठरलं. या जगात त्या हाकेला हलणारे दोनच जीव होते, एक आमचा रेडा आणि एक जिल्ह्यातला सगळ्यात चपळ कोपरा.

दिन्याला आणखी एक विद्या येत होती. माझं मनगट धरून तो माझं वजन सांगायचा. हे फालतू वाटेल, पण कबड्डीत त्या वेळी ऐंशी किलोची हद्द होती आणि मी त्या हद्दीवर कायम मुक्कामाला असायचो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अप्पा मला सुपारीच्या खोपीत नेत. तिथे आढ्याला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात मी मांडी घालून बसायचो, दुसऱ्यात वीस-वीसची चार वजनं. कबड्डीवर कितीही राग असो, मोजमापात अप्पा कधी कसूर करत नसत. माझं पारडं खाली गेलं की ते गंभीरपणे चष्मा पुसत आणि माझ्या पारड्याशेजारी जमिनीवर एक एक सुपारी मांडत, किती कमी करायचं ते मला डोळ्यांनी कळावं म्हणून. मग अंगात दोन स्वेटर, वर कांबळं, तोंडात चिंच धरून थुंकत थुंकत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर धावायचं. दिन्या बरोबर असायचा. त्याला धावायची काही गरज नव्हती, त्याचं वजन कधीच वाढलं नाही, तरी तो यायचा आणि मी थांबलो की मनगट धरून म्हणायचा, "एक्याऐंशी. चल." अप्पांच्या तराजूत आणि त्याच्यात कधी अर्ध्या किलोचा फरक पडला नाही.

आता मूर्खपणाकडे येतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही पनवेलकडच्या एका मोठ्या कॉलेजकडून हरलो, पण त्या हरण्यात मी त्यांच्या विक्रांत नावाच्या चढाईपटूच्या अंगावर चार वेळा पडलो. विक्रांत म्हणजे साक्षात हिरो. केस कपाळावर, चढाईला जाण्याआधी मातीला हात लावून तो आपल्या ओठांना लावायचा, पोरी बघायला यायच्या. सामना संपल्यावर त्यांचे प्रशिक्षक खोपकर सर माझ्यापाशी आले आणि माझ्या खांद्याला हात लावून, बाजारात बैल बघतात तसा बघून म्हणाले की आमच्याकडे ये. होस्टेल फुकट, मेस फुकट, आणि न्हावा शेव्याच्या नव्या बंदरात कंपन्या आपापले संघ उभे करतायत, दोन वर्षं खेळलास की नोकरी पक्की. दिन्या माझ्यापासून दहा पावलांवर पायाला माती चोळत बसला होता. त्याला त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे डावा कोपरा होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दिन्याला सोडून मला बघत होतं. मला वाटलं, आता बातमी उलटी होईल. सुधीरच्या अफलातून कव्हरला अमक्याची मोलाची साथ.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, तिथे मासे मिळतील का, आणि अप्पा म्हणाले, नोकरीचं ते लेखी देतायत का. दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर नाही असंच होतं, पण मी दोघांनाही हो म्हणालो. आणि दिन्याला मी काहीच सांगितलं नाही. हे लिहिताना आजही कान गरम होतात. मी रोज ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज धावून झाल्यावर तो मनगट धरून आकडा सांगायचा आणि मी ते उद्यावर ढकलायचो. शेवटी मी त्याला सांगितलं की मामाकडे लग्न आहे, चार दिवस पनवेलला जातोय. कॉलेजातून दाखला काढला आणि ट्रंक घेऊन गेलो. दाखला देणाऱ्या शिपायाने संध्याकाळी सरावाला जाऊन दिन्याला विचारलं, तुझा जोडीदार गेला, आता तुझं कसं? त्याला ते असं कळलं. मला हे पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं आणि तोवर मी होस्टेलच्या खोलीत स्वतःला समजावत होतो की मर्द माणसाने पुढे बघावं.

पुढे बघायला तसं काही फारसं नव्हतं. मेसमध्ये डाळ अशी की ताटात ओतली तर ताटाची नक्षी दिसावी. मासे आठवड्यातून एकदा, तेही नक्की कुठले ते मासे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसावं. मी पावावर जगलो. सकाळी चहात पाव, दुपारी डाळीत पाव, संध्याकाळी सरावानंतर नाक्यावर पावात बटाटा. चौलला आंबोळ्या खाऊन माझं वजन वाढायचं, इथे दुःखाने वाढायला लागलं, आणि प्रत्येक स्पर्धेआधी उपाशी राहून ते ऐंशीवर आणावं लागायचं. माझा नवा कोपरा प्रशांत नावाचा मुलगा होता. गडी चांगला, पण त्याला माणसाचा हात धरायची किळस होती. दोन बोटांच्या चिमटीत माझी करंगळी धरायचा, मेलेली पाल उचलावी तसा, आणि प्रत्येक चढाईनंतर चड्डीला हात पुसायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने "हेप्प!" म्हटलं तर तो जागचा हलला नाही, माझ्याकडे वळून विचारलं, काय झालं? तेवढ्यात विक्रांत त्याच्या पाठीला हात लावून परतही गेला. सगळे खो खो हसले. विक्रांत म्हणाला, "ए भाई, ये गाव का बैल-बिल मत बुला इधर, टेन्शन होता है." खोपकर सरांनी फर्मान काढलं की इथे इंग्रजीत बोलायचं, नाऊ म्हणायचं. मग मी सहा महिने नाऊ, नाऊ करत उभा राहिलो. आवाज पोटातून निघायचाच नाही. नाऊ हा शब्द घशाच्या वर कुठेतरी तयार होतो, त्याने माणूस काय, चिमणीही उडत नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर आलं ते आमचं जुनं कॉलेज. अलिबागचं मैदान, दुपारचे चार, डोळ्यांत ऊन, आणि चौल-रेवदंड्याहून दोन टेम्पो भरून आलेली माणसं. मला बघितल्यावर त्यांनी जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आईसुद्धा त्यात आली होती हे तिचं नशीब. म्हणजे शिव्यांत आली होती, टेम्पोत नव्हती. सामन्याआधी दोन्ही संघ रांगेने हात मिळवतात. दिन्या माझ्यासमोर आला, माझ्या पंज्याकडे बघितलं, आणि हात मागे बांधून पुढच्याकडे गेला. सहा महिने मी ज्याला भेटायला भीत होतो तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि मला त्याक्षणी होस्टेल, मेस, बंदर, काही काही नको झालं. फक्त त्याने एकदा मनगट धरावं एवढंच वाटत होतं. पण शिट्टी झाली होती.

त्या सामन्याचं फार वर्णन करत नाही. मी पडायचं तिथे पडलो. दिन्याच्या शेजारी पक्या नावाचा नवा पोरगा होता, तो घाबरट होता आणि दिन्या दोनदा उडायला उशीर करून बाद झाला. मला दिसत होतं की त्याला कोणी सांगायलाच नाही. शेवटचं मिनिट आलं तेव्हा दोघांचे गुण सारखे आणि चढाई आमची. विक्रांतने मातीला हात लावला, ओठांना लावला आणि गेला. तो कोणाला शिवून आला की आम्ही जिंकलो, नुसता परतला तरी जादा वेळ, पकडला गेला तरच हरलो. पलीकडे पक्या बाद होऊन बाहेर बसला होता, त्यामुळे डाव्या कोपऱ्यात दिन्या एकटा, वाकलेला, शेजार रिकामा. मी मधल्या रेषेपाशी उभा राहून विक्रांतची पाठ बघत होतो. सहा महिने मी ही पाठ सरावात रोज बघितली होती. पाय फेकण्याआधी त्याचा उजवा खांदा जरासा पडतो हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. खांदा पडला. त्याचा डावा पाय दिन्यासमोर हवेत लांबला. आणि माझ्या पोटातून, सहा महिने कोंडलेली, समुद्रापर्यंत जाणारी हाक निघाली.

"हेप्प!"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी तर भर मैदानात, पंचांच्या समोर, चारशे माणसांच्या साक्षीने बाहेर आली. दिन्या उडाला. असा उडाला की मी त्याला आधी कधी तसं उडताना बघितलं नव्हतं. घोटा दोन्ही हातांत, विक्रांत तोंडावर आपटला, बाकीचे चौघे त्याच्यावर पडले आणि शिट्टी झाली. मैदानात पोरं घुसली. आमच्या बाजूला एकेकाची मान माझ्याकडे वळली. प्रशांतने माझ्याकडे बघून चड्डीला हात पुसले, आणि या खेपेला तर त्याने माझा हात धरलेलाही नव्हता.

खोपकर सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसून हळू आवाजात विचारलं, किती दिवसांपासून ठरलं होतं? मी त्यांना सरदाराची सगळी गोष्ट सांगितली. रहाट, पन्हळ, विचार करणारा रेडा, सगळं. आपण वीस वर्षं मुलांना खेळवतोय आणि आजवर इतकं निर्लज्ज कारण ऐकलं नाही, असं ते म्हणाले. चार दिवसांत मेस बंद झाली, आठवड्यात खोली गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणंही आलं नाही, ट्रंक तेवढी आली. पुढे मी न्हावा शेव्यालाच नोकरीला लागलो, पण ती टायपिंग येत होतं म्हणून, कंटेनरच्या कागदांच्या मागे, खेळाडू म्हणून नव्हे. तीस वर्षांत तिथे मला कोणी कबड्डीचं विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

गावात मात्र उलटंच नाटक. मी एस्टीतून उतरलो तर तिठ्यावर माणसं हार घेऊन उभी. ज्यांनी टेम्पोतून माझ्या आईचा उद्धार केला होता तेच. मला कळेना. मग कळलं की गावाने ठरवून टाकलं होतं: सुधाने मुद्दाम केलं, परक्यांचं मीठ खाल्लं पण गावाला जागला, शेवटच्या क्षणी इशारा दिला. कोणी माझी पाठ थोपटली, कोणी डोळे पुसले, एका शिक्षकांनी तर इतिहासातले दाखले दिले. शेतात पोपटी लावली होती माझ्यासाठी, मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, सगळा थाट. इथे मी सांगायला हवं होतं की बाबांनो, मी गावाला जागलो नाही, मी रेड्याला दिलेली हाक चुकून माणसाला दिली. पण सहा महिने पाव खाल्लेल्या माणसापुढे गरम शेंगा ठेवल्या होत्या. मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला, आणि मी खात राहिलो. आजही गावात ही गोष्ट त्याच रूपात सांगितली जाते आणि मी आजही मान खाली घालतो. आईने पेपरचं कात्रण दाखवलं. दिनकरच्या अविस्मरणीय पकडीने विजय. मी शेवटची ओळ दोनदा वाचली. साथ नव्हती. सगळ्या रजिस्टरात तेवढी एकच बातमी माझ्या नावाशिवाय, आणि तीही आईने सगळ्यात जास्त खळ लावून चिकटवली होती.

पोपटीला सगळे आले होते, दिन्या आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायकल काढून रेवदंड्याला गेलो. समुद्राच्या कडेला बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि दिन्या एका वलांडीचा सैल झालेला दोर बांधत होता. त्याची आई सावलीत बसली होती. तिने मला बघितलं, "आला हिरो," एवढंच म्हणाली आणि टोपली उचलून मुद्दाम लांब गेली. दिन्याने मान वळवली नाही. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. चौलपासून पाठ करून आणलेलं एक वाक्यही आठवेना.

दोर ओढता ओढताच त्याने विचारलं, "मुद्दाम दिलीस काय ती हाक?"

इथे मला सोपं होतं. अख्ख्या गावाने मला उत्तर शिकवून ठेवलं होतं. हो म्हटलं असतं तर मी पळून गेलो, खोटं बोललो, हे सगळं त्या एका हाकेत धुऊन निघालं असतं. पण वाकलेल्या त्या पाठीला मला खोटं सांगवेना. एकदा सांगून झालं होतं.

मी म्हटलं, "नाही रे. सुटली तोंडातून. मला जिंकायचं होतं, आणि सुटली."

त्याने दोर आणखी ताणला. मग म्हणाला, "मुद्दाम दिली असतीस त तुझा तोंड बघितला नसता परत. मना भीक नको व्हती." दोराला गाठ मारली. "मी पाय बघून नाय उडलो. हाक आली न मी हात टाकला तुझ्यासाठी. हाताला काय लागला नाय, तवा ध्यानात आला का तू तिकडं हायस. तवर घोटा हातात व्हता." आणि मग, अगदी हळू: "जूनमधी पयल्या मॅचला बी असाच टाकलेला."

मला रडू आलं. ऐंशी किलोचा माणूस बोंबलांच्या मध्ये उभा राहून रडतो ते दृश्य काही बरं नव्हे, पण मी रडलो आणि म्हटलं, चुकलं माझं दिन्या, तुला सांगायला हवं होतं, मी भ्यायलो. दोराचं टोक डाव्या हातात धरून तो तसाच वाकलेला होता, आणि त्याने उजवा हात मागे केला. न बघता. मैदानात करायचा तसा. मी पुढे होऊन माझं डावं मनगट त्याच्या हातात दिलं. त्याची बोटं आवळली, थोडी फिरली, परत आवळली.

"पंच्याऐंशी," दिन्या म्हणाला. "पाव खाल्लास न्हाय का? उद्या सकाळी किनाऱ्यावर ये. दोन स्वेटर घाल."